बाळ मान वळवतं तेव्हा

भाचीच्या मुलीचं बारसं हॉलमध्ये होतं. बाळ दीड महिन्याचं. पाळण्याला झेंडूच्या माळा, वर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या सरी, कोपऱ्यात स्पीकरवर पाळण्याची गाणी. आत्यानं कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, टाळ्या झाल्या आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागलं. मोबाइलचे फ्लॅश सारखे उडत होते. एवढ्या गलबल्यात ती मुलगी तासभर झोपून राहिली. जो तो म्हणत होता, "किती गुणी पोर! एवढ्या गोंगाटात बघा कशी झोपलीय."

त्या रात्री ती नऊपासून एकपर्यंत रडली. दूध घेईना, खांद्यावर राहीना, पाळण्यात टेकवली की अंगाची कमान करी. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, बेंबीभोवती हिंग लावून झाला. खुळखुळा वाजवला, मोबाइलवर गाणं लावलं, एकानं झुलवलं, दुसऱ्यानं थोपटलं. शेवटी आपलंच दूध कमी पडतंय असं वाटून भाचीही रडायला लागली. सकाळी मुलगी ठणठणीत होती. घरात ठरलं की दृष्ट लागली होती.

हा निष्कर्ष मला अर्धा बरोबर वाटतो. तो अर्धा का, ते पुढे येईल. आधी त्या झोपेबद्दल बोलू, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच झाली होती.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९७३ साली नवजात बाळाच्या वागण्याची एक तपासणी प्रसिद्ध केली. ती आजही वापरली जाते. तिच्या सुरुवातीला झोपलेल्या बाळाच्या मिटल्या डोळ्यांवर टॉर्चचा झोत क्षणभर टाकतात. बाळ दचकतं, हातपाय उडतात. थोडं थांबून पुन्हा झोत. या वेळी दचकणं कमी. असं करत करत काही खेपांनंतर फक्त पापणी थरथरते आणि मग तीही थरथरत नाही. खुळखुळ्याचा आणि घंटीचा आवाज करूनही हेच पाहतात. टॉर्चचा उजेड तेवढाच असतो, बाळाला तो दिसतोही. पण बाळानं आतून दार लावून घेतलेलं असतं. निरोगी बाळाला हे साधतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा आजारी बाळाला ते जड जातं, प्रत्येक झोताला ते नव्यानं दचकत राहतं.

दार लावून धरायला बळ लागतं, ही गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. हॉलमध्ये झोपलेलं बाळ विश्रांती घेत असेलच असं नाही. चेहरा किंचित आक्रसलेला, मुठी घट्ट, श्वास उथळ, मध्येच अंग ताठ, अशी झोप दिसली तर ते बाळ झोपेच्या आड लपलं आहे असं समजावं. पाहुणे गेले, दिवे मालवले, दार धरून ठेवायची गरज संपली, की दिवसभराचा शीण रडण्यावाटे बाहेर पडतो. भाचीच्या मुलीचं त्या रात्री असंच झालं असावं, असा माझा अंदाज आहे.

डॉक्टरी भाषेत याला अतिउद्दीपन म्हणतात. आपल्या घरांत त्याला जास्त चांगले शब्द आहेत. बाळ कावलं, बाळ आंबलं, भंडावलं. दमलेल्या बाळाला आंबलं म्हणणाऱ्या बाईनं ते बाळ नीट पाहिलेलं असतं.

आईच्या पोटात काही शांतता नसते. काळजाची धडधड, रक्ताची सळसळ, आतड्यांची गुरगुर चालूच असते आणि सातव्या महिन्याच्या सुमाराला बाळ ते ऐकूही लागतं. पण बाहेरचे आवाज पाण्यातून आणि आईच्या अंगातून गाळून येतात, उजेड अंधूक असतो, हातपाय चहूबाजूंनी दुमडलेले असतात. जन्माबरोबर हे गाळणं एकदम निघून जातं. मोठ्या माणसाच्या मेंदूत दुसरं गाळणं तयार झालेलं असतं. एसटीत खिडकीशी बसलेला माणूस इंजिनची घरघर, सीटचे हिसके, शेजारच्याच्या डब्याचा वास हे सगळं बाजूला सारून खुशाल पेंगतो. नको ते बाजूला सारण्याची ही हातोटी वर्षानुवर्षं मुरत जाते. दीड महिन्याच्या बाळाकडे तिची नुसती सुरुवात असते. त्यातून त्याला उठून जाता येत नाही, कानांवर हात ठेवता येत नाहीत, मान पुरती धरायलाही तीन-चार महिने लागतात. मग ते जे करू शकतं ते करतं. नजर वळवतं.

नजर वळवणं हे बाळाचं पहिलं वाक्य आहे. डॅनियल स्टर्न या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९७१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक आई आणि तिची साडेतीन महिन्यांची जुळी मुलं खेळत असतानाचं चित्रीकरण त्यांनी एकेक चौकट थांबवून तपासलं. एका मुलाशी आईचं छान जमत होतं. तो बघायचा, तीही बघायची. तो दुसरीकडे वळला की ती थांबायची आणि थोड्या वेळानं दोघं पुन्हा भेटायची. दुसऱ्या मुलानं तोंड वळवलं की मात्र आई पुढे सरकायची. ती पुढे सरकली की तो आणखी वळायचा, तो वळला की ती आणखी पुढे. इतक्या झटपट हे व्हायचं की साध्या डोळ्यांना दिसलंही नसतं. दुसऱ्या मुलाचं 'थोडं थांब' आईला 'मी तुला आवडत नाही' असं ऐकू येत असावं, असं मला ते वर्णन वाचताना वाटलं.

पुढे टिफनी फील्ड यांनी समोरासमोर खेळणाऱ्या बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. बाळानं नजर वळवण्याच्या आधी काही क्षण ठोके वाढलेले असत आणि नजर वळवल्यावर ते उतरत. म्हणजे मान फिरवून बाळ आपल्या छातीतली धडधड खाली आणतं. ती उतरली, की ते आपण होऊन परत बघतं.

आपण त्या वेळी काय करतो? "इकडे बघ, ए सोन्या, इकडे बघ ना!" चुटक्या वाजवतो, जिभेनं टॉक-टॉक करतो, हनुवटीला धरून चेहरा आपल्याकडे वळवतो. फोटो काढायचा असेल तर विचारूच नका. बाळाला तेवढी एकच पळवाट असते आणि आपण नेमके तिथेच जाऊन उभे राहतो.

ही पहिली खूण कोणी वाचली नाही, तर पुढच्या येतात. हाताची पाची बोटं ताठ फाकतात, तळवा 'थांबा' म्हटल्यासारखा पुढे येतो. कपाळावर आठी पडते. जांभया, शिंका, उचक्या लागतात. नजर तुमच्यावर असते, पण आरपार गेल्यासारखी, काचेची. हातापायांच्या हालचाली झटक्याझटक्यानं होतात. त्वचेवर लालसर-निळसर चट्टे उमटतात किंवा तोंडाभोवतीचा रंग उतरतो. पाठीची कमान होते. याबरोबर बाळ स्वतःला सावरायची धडपडही करत असतं. मूठ तोंडाकडे नेतं, दुपट्याचं टोक पकडतं, पाय कशाला तरी टेकवायला बघतं. हायडेलीज आल्स या संशोधिकेनं दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांकडे तासन् तास पाहून या दोन्ही प्रकारच्या खुणांची नीट मांडणी केली. १९८२ साली ती प्रसिद्ध झाली. अशा बाळांच्या अतिदक्षता विभागात दिवे मंद करणं, पेटीवर जाड कापड घालणं, दर दहा मिनिटांनी हात लावण्याऐवजी सगळी कामं एकाच वेळी उरकून बाळाला सलग झोपू देणं, हे बदल अशा निरीक्षणांतून आले. तिथला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ साली केली. आपल्या बैठकीच्या खोलीत टीव्ही आणि चार माणसांच्या गप्पा एकदम चालू असतील, तर एवढा आवाज कधीच मागे पडलेला असतो.

एक सावधगिरी. प्रत्येक उचकी म्हणजे अतिउद्दीपन नव्हे. दूध प्यायल्यावर बाळाला उचकी लागतेच, नाकात काही गेलं की शिंक येतेच. मूठ तोंडात जाणं भुकेचंही असतं. एकटी खूण फार काही सांगत नाही. तीन-चार खुणा एकापाठोपाठ येऊ लागल्या आणि मागच्या अर्ध्या तासात घरात काय चाललं होतं हे आठवलं, की उलगडा होतो.

आता दृष्टीकडे येऊ. कोणाची तरी नजर लागली असं घरातली मोठी माणसं कोणत्या दिवशी म्हणतात, ते आठवून पाहा. बारशाच्या, बोरन्हाणाच्या, लग्नाहून परतल्यावर, गावची जत्रा झाल्यावर. म्हणजे ज्या दिवशी खरोखरच पन्नास माणसांनी बाळाकडे टक लावून पाहिलेलं असतं, प्रत्येकानं वेगळा आवाज काढलेला असतो, वेगवेगळ्या साड्यांचे, अत्तरांचे, तंबाखूचे वास त्याच्या नाकात गेलेले असतात. निरीक्षण अचूक आहे. चूक होते ती पुढे, जेव्हा या पन्नासांतून एक बिचारी शेजारीण हुडकून तिच्या माथी दोष मारला जातो. लागली असेल तर ती साऱ्यांची नजर लागली, त्यांच्या संख्येमुळे. उतारा म्हणून मिरच्या-मोहऱ्या जाळून त्या इवल्या फुप्फुसांत आणखी ठसका भरण्यापेक्षा एक अंधारी खोली आणि एकच ओळखीची मांडी जास्त कामाला येते.

बाळंतिणीच्या खोलीची जुनी रीत मला या बाबतीत शहाणपणाची वाटते. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं आतल्या खोलीत राहायचं, बाहेरच्यांनी उंबऱ्यापाशी थांबून विचारपूस करायची. त्या खोलीतला धूर वाईट होता, कोंदट हवा वाईट होती, बाईला विटाळ धरून वेगळं बसवणं तर सरळ अन्याय होता. पण मंद उजेड, तेच दोन-तीन चेहरे, त्याच हातांचा स्पर्श ही बाळाला हवी असलेली शिदोरी त्यात होती. आपण धुराबरोबर तीही टाकून दिली. धुरी मात्र काही घरांत अजून आहे.

मालीश आणि आंघोळीचंही थोडं तसंच. तेल लावून हलक्या हातानं चोळणं बहुतेक बाळांना आवडतं. पण मालीशवाली बाई पाय खेचते, हात मागे वळवते, वरून कढत पाण्याचे तांबे ओतते, बाळ टाहो फोडतं आणि मग तीन तास गाढ झोपतं. घरातले खूश होतात की अंग मोकळं झालं. रडत रडत आलेल्या त्या झोपेवर माझा विश्वास नाही. बाळ आकांत करू लागलं की हात थांबवा, असं त्या बाईंना सांगायचा घराला पूर्ण हक्क आहे.

तरीही सगळं रडणं गोंगाटापायी असतं असं समजू नका. ब्रेझल्टन यांनीच १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी आयांकडून घेतल्या होत्या. दोन आठवड्यांची बाळं दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडत होती. सहा आठवड्यांना हे रडणं पावणेतीन तासांवर गेलं आणि मग उतरत गेलं. सगळ्यात जास्त रडं संध्याकाळचं होतं. तिन्हीसांजेला बाळं रडतात हे आपल्या आज्यांना त्याही आधी ठाऊक होतं. म्हणजे दीड महिन्याच्या निरोगी बाळानं संध्याकाळी रडणं हा त्याच्या वाढीचा भाग आहे आणि तीन-साडेतीन महिन्यांच्या आसपास ते बरंच ओसरतं. त्यात आईचा दोष नाही, दुधाचाही नाही. मात्र आधीच चढावर असलेल्या त्या वेळेत आपण टीव्ही, पाहुणे आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरची भर घालायची की नाही, हे आपल्या हातात असतं.

रडणाऱ्या बाळापुढे आपला हात नेमका उलट्या दिशेनं चालतो. एक गोष्ट लागू पडली नाही की तिच्यावर दुसरी चढवतो. झुलवून थांबत नाही म्हणून थोपटतो, थोपटता थोपटता गातो, गाताना दिवा लावतो, मग खुळखुळा, मग मोबाइल. वजाबाकी कोणाला सुचतच नाही. ब्रेझल्टन यांच्या तपासणीत रडणाऱ्या बाळाला शांत करण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. आधी नुसता चेहरा दाखवायचा. मग चेहरा आणि आवाज. मग पोटावर हात ठेवायचा. मग त्याचे हात छातीशी अलगद धरायचे. त्यानंतर उचलायचं आणि त्यानंतर झुलवायचं. कमीत कमीपासून सुरुवात, आणि प्रत्येक पायरीवर थोडं थांबणं. बहुतेक घरांत सुरुवातच शेवटच्या पायरीवरून होते.

कावलेल्या बाळाच्या बाबतीत मी तर चेहराही थोडा वेळ बाजूला ठेवीन. चेहरा ही बाळाला सगळ्यांत जास्त खेचणारी वस्तू आहे आणि खेचलं जाणंच त्या घटकेला त्याला नको असतं. खोलीतला दिवा घालवा, पंखा मात्र चालू राहू द्या, त्याचा एकसुरी आवाज बहुतेकांना मानवतो. बाळाची पाठ आपल्या छातीला लावून कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसा. एक हात पोटावर, एक तळपायांखाली. झुलवायचं तर गाऊ नका, गायचं तर एकाच सुरात आणि झुलवू नका. पहिली दोन-चार मिनिटं रडं वाढल्यासारखं वाटेल, कारण इतका वेळ दाबून धरलेलं आता सुटतंय. तेवढ्यावर उपाय बदलला की सगळं पहिल्यापासून. पातळ सुती दुपट्यात हात आवळून गुंडाळल्यानंही लहान बाळं शांत होतात. पाय मात्र आत सैल, बेडकासारखे मोकळे राहायला हवेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला धोका. गुंडाळलेलं बाळ पाठीवरच निजवायचं आणि कूस बदलू लागण्याची चिन्हं दिसताच गुंडाळणं बंद करायचं.

ज्यांचं घरच एका खोलीचं आहे, त्यांनी अंधारी खोली कुठून आणायची? चाळीत वाढलेल्या कितीतरी बायकांनी यावर वाट काढलेली मी पाहिली आहे. कपाटाकडे तोंड करून बसायचं, खांद्यावरून पदर असा घ्यायचा की बाळाच्या डोळ्यांवर सावली येईल पण नाकासमोर हवा खेळती राहील. जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभं राहायचं. दहा मिनिटं टीव्ही बंद करायला सांगायचं. घर लहान असतं, पण बाळाला लागणारी शांतता त्याहून लहान असते. आईच्या खांद्याएवढी जागा तिला पुरते.

इथे कोणाचा गैरसमज होऊ नये. अतिउद्दीपन म्हणजे लाड जास्त झाले असं नव्हे, आणि बाळाला एकटं टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कॅनडात हुन्झिकर आणि बार या दोघांनी काही आयांना बाळ रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगाशी धरायला सांगितलं, रडलं तरच नव्हे, एरवीही. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा आठवड्यांच्या वयात ही बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती, संध्याकाळी तर ५१ टक्के कमी. 'हाताची सवय लागेल' असं धमकावणाऱ्यांनी हे आकडे ऐकावेत. आईच्या अंगाचा वास, तिच्या चालण्याचा ठेका, तिचं ऊबदार पोट हे बाळाला जुनं, ओळखीचं आहे; त्यानं ते दमत नाही. दुसरं टोकही वाईटच. एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिलं, की आईनं दोन-तीन मिनिटं नुसता निर्विकार चेहरा करून समोर बसलं, तरी बाळ कासावीस होतं. आधी हसून, हात हलवून तिला बोलवायचा प्रयत्न करतं आणि मग खचून मान फिरवतं. बाळाला माणूस हवंच असतं. फक्त ते किती, हे त्याला ठरवू द्यायचं.

बाळ जागं असलं तरी खेळायला तयार असतंच असं नाही. गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जाग, चुळबुळीची जाग आणि रडणं अशा सहा अवस्थांतून ते दिवसभर ये-जा करतं. बोलायचं, दाखवायचं, हसवायचं ते शांत जाग असताना. अंग स्थिर, डोळे चमकदार, श्वास एकसारखा. नवजात बाळात ही वेळ काही मिनिटांचीच असते, पुढे वाढत जाते. चुळबुळ सुरू झाली की कार्यक्रम आवरता घ्यावा. पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक बाळं तासभर जागं राहिल्यावर झोपेला येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार तीन महिन्यांपर्यंत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास झोप हवी. 'दिवसा जागं ठेवलं की रात्री झोपेल' हा हिशेब मोठ्यांचा आहे. आंबलेलं बाळ रात्री आणखी वाईट झोपतं.

पाहुण्यांना आवरायचं कोणी, हा खरा अवघड प्रश्न. बाळ बघायला सासरची माणसं लांबून आलेली असतात, बाळंतविडा आणलेला असतो, आणि वीस दिवसांच्या ओल्या बाळंतिणीनं त्यांना "नको" म्हणायचं? तिच्यावर हे ओझं टाकू नये. ते काम सासूबाईंचं, आईचं किंवा बाळाच्या बापाचं आहे. "काकू, आत्ताच झोपेला आलीय, तुम्ही चहा घ्या तोवर, उठली की पहिली तुमच्याच मांडीवर देते," एवढं म्हटलं तर कोणी रुसत नाही. बारसं मोठं करायचं असेल तर बाळाला नावापुरतं पाळण्यात ठेवावं आणि मग आतल्या खोलीत न्यावं. जेवणं बाळाशिवायही होतात. बोरन्हाणात बोरं, चुरमुरे, हलवा थेट डोक्यावरून ओतण्यापेक्षा मूठभर हलकेच पाठीवरून, आणि मुलांची झुंबड उडायच्या आत बाळ आईच्या कडेवर. व्हिडिओ कॉलचंही भान हवं. पुण्यातले आजी-आजोबा न्यू जर्सीतल्या नातीला बघायला आसुसलेले असतात, पण सहा जण एकदम पडद्यावर ओरडू लागले की ती तोंड फिरवते आणि आजीला वाईट वाटतं. एका वेळी एकानं, हळू बोलावं. ती थोड्या वेळानं परत बघेल.

सणांचे आवाज मात्र भिडेवर सोडून चालणार नाहीत. भारतातल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विसर्जनाची मिरवणूक, लग्नाच्या वरातीतला डीजे तिच्याजवळपासही नसतात. बाळाची कानाची नळी लहान, त्यामुळे तोच आवाज तिथे अधिक दाबानं पोचतो. कानात कापूस घालून आवाज फारसा अडत नाही. ढोल-ताशाच्या पथकापुढे तीन महिन्यांचं बाळ खांद्यावर नाचवणारा बाप दिसला की मला त्याला हात धरून बाजूला न्यावंसं वाटतं. झोपेसाठी मिळणारी घुंघुं आवाजाची यंत्रंही तपासून घ्या. २०१४ साली अशी १४ यंत्रं मोजली गेली, तेव्हा त्यांतली तीन पूर्ण आवाजावर, ३० सेंटिमीटर अंतरावरून, ८५ डेसिबलच्याही पुढे गेली. यंत्र किंवा मोबाइल पाळण्यात ठेवू नये, आवाज अगदी कमी असावा आणि झोप लागली की बंद करावा.

पडद्याबद्दल एवढंच. दोन-तीन महिन्यांचं बाळ लखलखत्या चित्राकडे खिळून बघतं, तेव्हा त्याला ते आवडलं असं आपण समजतो. या वयात एकदा चिकटलेली नजर सोडवून घेणं बाळाला अवघड जातं. ते बघत राहतं, कारण त्याला थांबता येत नाही. वर्षाच्या आत पडदा नको असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा सोडून.

सहा महिन्यांनंतर खुणा बदलतात. डोळे चोळणं, कान ओढणं, आईच्या मानेत तोंड खुपसणं, हातातलं फेकून देणं. आणि एक फसवी खूण, अनावर हसणं. गुदगुल्या करकरून, वर उडवून उडवून हसवलेलं बाळ एका क्षणी हसता हसताच रडू लागतं. "जास्त हसवू नका, मग रडेल" असं घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, ते अपशकुनापोटी म्हणत असतील तरी अगदी खरं आहे. त्या हसण्यात शेवटी शेवटी आनंद उरलेला नसतो.

काही रडणं मात्र शांत खोलीवर सोपवायचं नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, श्वासाला त्रास, टाळू फुगलेली, दूध पूर्ण सोडलेलं, अंग लोळागोळा, किंवा कशानंही न थांबणारं वेगळंच चिरकं रडणं असेल, तर लगेच डॉक्टर. आणि ऐकून ऐकून तुमचाच तोल जाऊ लागला, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला गदगदा हलवणं कधीही, रागाच्या एका क्षणालाही नको. त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. पाच मिनिटं एकट्यानं रडल्यानं बाळाला इजा होत नाही.

बारशानंतर दोनेक महिन्यांनी आम्ही सगळे एका लग्नात पुन्हा भेटलो. अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि कोणाच्या तरी मांडीवर असलेल्या भाचीच्या मुलीनं मान बाहेर वळवली. दुसऱ्या बाजूनं एका मामानं चुटकी वाजवली, तिनं तिकडूनही वळवली. हाताची बोटं फाकली. तेवढ्यात भाचीच्या सासूबाई उठल्या, काही न बोलता नातीला घेतलं आणि कार्यालयाच्या मागे, जिथे जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी पाठोपाठ गेले. त्या गात नव्हत्या, हलत नव्हत्या, नातीकडे बघतही नव्हत्या. नुसता एक तळवा तिच्या पोटावर. पाचेक मिनिटांत फाकलेली बोटं मिटली, आजीच्या पदराचा काठ त्यांत आला. मग मुलीनं एक मोठा श्वास सोडला, हळूहळू मान मागे कलती केली आणि आजीच्या चेहऱ्याकडे बघू लागली.